विश्लेषण : जुलाब थांबले म्हणजे आजार संपला का? जिवाणूंची विषे आतड्यात नेमके काय करतात?

तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या एखाद्या मेडिकलसमोर पावसाळ्यात संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर एक मागणी हमखास ऐकू येते : ‘जुलाब बंद व्हायची गोळी द्या, रात्रपाळीला जायचे आहे.’ दुकानदार पट्टीतून दोन गोळ्या कापून देतो, कधी सोबत अँटिबायोटिकही देतो. गिऱ्हाईक गोळी घेऊन कंपनीच्या बसची वेळ गाठतो. दोन दिवसांत पोट शांत होते आणि विषय संपतो. बहुतेक वेळा तो खरोखरच संपतो. पण काही वेळा आतड्यात सुरू असलेली मोडतोड गोळीने फक्त झाकली जाते, आणि क्वचित एखाद्याच्या बाबतीत पोट बरे झाल्यावर दोन आठवड्यांनी पाय लटके पडतात. जानेवारी २०२५ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडने हे जवळून पाहिले.

सगळे जुलाब सारखे नसतात. कोणत्या जिवाणूने कोणते विष सोडले, यावर आतड्याची हानी ठरते, आणि कोणते औषध उपयोगी पडेल व कोणते घातक ठरेल, हेही त्यावरच ठरते. पिंपरी, भोसरी, चाकण, म्हाळुंगे, निघोजे या पट्ट्यात लाखो लोक कँटीनमध्ये, मेसमध्ये आणि डब्यावर जेवतात, टँकरचे आणि जारचे पाणी पितात. त्यांच्यासाठी हा फरक कामाचा आहे.

जीबीएसच्या साथीत काय घडले होते?

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यापासून पुण्यातील रुग्णालयांत गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकापाठोपाठ एक दाखल होऊ लागले. एरवी हा आजार दुर्मीळ मानला जातो. सिंहगड रस्ता, किरकिटवाडी, नांदेड गाव, धायरी आणि खडकवासला परिसरात रुग्णांची गर्दी दिसत होती. मार्चपर्यंत पुणे परिसरातील संशयित आणि निदान झालेल्या रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतील रुग्ण त्यात तीसहून अधिक होते. काही रुग्ण दगावले. महापालिका हद्दीतील रुग्णांवर पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘वायसीएम’मध्ये, मोफत उपचारांची व्यवस्था करण्यात आली.

अनेक रुग्णांना आधी जुलाब, उलट्या किंवा पोटदुखी झाली होती. राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासलेल्या शौचाच्या नमुन्यांपैकी काहींमध्ये नोरोव्हायरस आणि काहींमध्ये ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू सापडला. संशयाची सुई पाण्याकडे वळली. नांदेड गावातील विहिरीची चर्चा झाली, आणि सिंहगड रस्ता भागातील खासगी आरओ पाणी प्रकल्पांना पुणे महापालिकेने टाळे ठोकले.

त्या दिवसांत ‘जीबीएस’ हा शब्द घराघरात पोहोचला. आतड्यात काय बिघडते, हा त्यामागचा प्रश्न मात्र बातम्यांच्या गर्दीत मागे राहिला.

आतड्याचे अस्तर असते कसे?

लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा अक्षरशः एकच थर असतो. बाहेरून आलेले अन्न, पाणी, जिवाणू एका बाजूला आणि रक्त दुसऱ्या बाजूला, मध्ये एवढेच. या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. या पट्ट्यातील वाचकांना गॅस्केट वेगळे समजावून सांगायला नको : दोन भागांमधून गळती होऊ नये म्हणून जे काम गॅस्केट करते, तेच काम हे सांधे करतात. फरक इतकाच की आतड्याचे गॅस्केट काय जाऊ द्यायचे आणि काय अडवायचे, हेही ठरवते.

आपण दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी पितो, पण लाळ, जठररस, पित्त असे सगळे धरून रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात उतरतो. त्यातला जवळपास सगळा परत शोषला जातो, शौचावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतो. हे शोषण थोडे जरी बिघडले तरी किती पाणी वाहून जाईल, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते. खालच्या खोबणींतील मूळपेशी नव्या पेशी तयार करतात, त्या वर सरकतात आणि जुन्या झडतात. म्हणूनच बहुतेक जुलाब आपोआप बरे होतात. मात्र दूध पचवणारे लॅक्टेज हे विकर तयार करणाऱ्या पेशी सर्वांत वरच्या टोकाला असतात, त्यामुळे मार बसला की त्या आधी जातात. जुलाब थांबल्यावरही आठ-पंधरा दिवस चहा किंवा दूध घेतले की पोट फुगते, ते यामुळे.

कॉलरा : भिंत शाबूत, नळ उघडा

आतड्याचे काहीही न मोडता माणूस काही तासांत मरू शकतो, हे कॉलराचे वैशिष्ट्य. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे पाणी प्यायल्यानंतर कॉलराची साथ आली आणि त्यात काही जण दगावले.

कॉलराच्या जिवाणूचे विष सहा तुकड्यांचे असते. पाच तुकडे पेशीला चिकटतात. पेशीच्या बाहेरच्या आवरणावरील ‘जीएम-वन’ नावाचा शर्करायुक्त रेणू हे त्यांचे कुलूप. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.) सहावा तुकडा आत शिरून पेशीचे एक बटण ‘चालू’ स्थितीत अडकवून टाकतो. मग पेशी क्लोराइड बाहेर ओतत राहते, त्यामागे सोडियम जाते आणि पाणीही. गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. पेशी मात्र जिवंत असते, गॅस्केट शाबूत असते.

हे विष आहे हे सिद्ध केले ते आपल्याच देशात. कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कॉलराच्या जिवाणूंची वाढ गाळून, जिवाणू पूर्णपणे काढून टाकून, उरलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वेटोळ्यात घातला. वेटोळे पाण्याने टम्म फुगले. म्हणजे आजारासाठी जिवाणूच्या शरीराची गरजच नव्हती, त्याने सोडलेले विष पुरेसे होते. एवढ्या मोठ्या शोधाला देशात हवा तो मान फार उशिरा मिळाला, पण तो वेगळा विषय.

भिंत शाबूत असल्यामुळेच ओआरएस काम करते. पेशीत साखर आणि मीठ एकत्र आत ओढणारा एक वेगळा दरवाजा असतो आणि कॉलराचे विष त्याला हात लावत नाही. मीठ-साखर त्या दारातून आत जाते आणि पाण्याला सोबत नेते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर हे मिश्रण पिंपांत कालवून वाटले, आणि मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते ते तीन-चार टक्क्यांवर आले.

इथे एक सावधगिरी. हे गणित मीठ आणि साखरेच्या ठरावीक प्रमाणावर चालते. एक लिटर पाण्याच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच राहून उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. मेडिकलमध्ये वर्षानुवर्षे ‘ओआरएस’ नावाने गोड पेयांचे खोके विकले जात होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांच्या दीर्घ लढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हा शब्द वापरायला बंदी घातली. खरेदी करताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्यावा.

कँटीनच्या जेवणातून होते ते काय?

एकाच पाळीतील पाच-पंचवीस जणांना एकाच दिवशी त्रास झाला, तर संशय जेवणावर जातो. त्रास किती तासांनी सुरू झाला, यावरून बरेच काही कळते.

जेवणानंतर एक ते सहा तासांत जोरदार उलट्या झाल्या, तर विष बहुधा अन्नातच तयार होते. स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू आपल्या नाकात, हाताच्या जखमेत असतो. स्वयंपाक करणाऱ्याच्या बोटावरून तो पनीरमध्ये, खव्यात, खिरीत जातो, उबदार जागी वाढतो आणि विष सोडतो. भातात आणखी एक जण लपलेला असतो, बॅसिलस सेरियस. त्याचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. सकाळी केलेला भात पातेल्यात झाकून दुपारपर्यंत तसाच ठेवला, की ते जागे होतात.

या दोघांची उलट्या करवणारी विषे उष्णतेला दाद देत नाहीत. अन्न पुन्हा उकळल्यावर जिवाणू मरतील, विष तसेच राहील. ‘गरम केले की सगळे मरते’ ही आपल्या घराघरातील समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे. सुदैवाने या प्रकारात आतड्याच्या भिंतीला मोठी इजा होत नाही आणि बहुतेक जण दिवसभरात सावरतात.

मोठ्या भांड्यांचा खरा जिवाणू मात्र तिसराच आहे : क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. शंभर-दोनशे माणसांची आमटी, रस्सा किंवा चिकनचे पातेले गॅसवरून उतरवल्यावर मध्यभागी कित्येक तास कोमट राहते. हवा नसलेली, उबदार, प्रथिनांनी भरलेली ही जागा या जिवाणूला फार मानवते, आणि अनुकूल तापमानात तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. ते अन्न नीट न तापवता वाढले की लाखो जिवंत जिवाणू पोटात जातात आणि तिथे बीजाणू बनताना विष सोडतात. म्हणून त्रास लगेच होत नाही, साधारण आठ ते सोळा तासांनी होतो. दुपारी जेवलेला कामगार मध्यरात्री पोट धरून बसतो आणि दोष रात्रीच्या जेवणाला देतो.

हे विष थेट गॅस्केटवर बसते. पेशींना जोडणाऱ्या सांध्यांतील ‘क्लॉडिन’ नावाच्या प्रथिनांना ते चिकटते, तिथे रेणूंचे कडे तयार करते आणि पेशीच्या आवरणाला भोक पाडते. त्या भोकातून कॅल्शियम आत घुसते, पेशी मरते, सांधा सुटतो. आतड्यातील केसाळ उंचवट्यांची टोके झडतात. निरोगी माणसात हे चोवीस तासांत आटोक्यात येते, कारण झडलेल्या पेशी लवकर भरून निघतात. वृद्ध माणसाला किंवा आधीच आजारी असलेल्याला ते जड जाऊ शकते.

यावरचा उपाय महागडा नाही. अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवायचे किंवा ५ अंशांच्या खाली थंड, मधल्या तापमानात रेंगाळू द्यायचे नाही. एका मोठ्या पातेल्याऐवजी उथळ, लहान भांड्यांत अन्न काढायचे. एका ठिकाणी शिजवून डब्यांतून चार कारखान्यांत पोहोचवल्या जाणाऱ्या जेवणात मात्र हा ‘मधला वेळ’ वाहतूक कोंडीवर अवलंबून असतो. चाकणच्या चौकात संध्याकाळी अडकलेल्या टेम्पोत आमटीचे तापमान किती उरते, हे कुणी मोजत असेल असे वाटत नाही.

शौचातून रक्त आले तर?

आता गोष्ट बदलते. रक्त याचा अर्थ भिंत फुटली आहे.

शिगा नावाचे विष पेशीत शिरून प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेतला, म्हणजे रायबोसोममधला, एक नेमका तुकडा कापून काढते. विषाचा एकच रेणू एकामागून एक अनेक रायबोसोम निकामी करतो. प्रथिने बनणे थांबले की पेशी मरते. या विषाला आतड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर विशेष प्रिय असते. त्यामुळे लहान मुलांमध्ये रक्ताचे जुलाब होऊन आठवडाभराने लघवी कमी होणे आणि मूत्रपिंड निकामी होणे, असा प्रकार घडू शकतो. ई. कोलायच्या काही जाती आणि शिगेलाची एक जात हे विष बनवतात. आपल्याकडे अधिक आढळणाऱ्या शिगेलाच्या इतर जाती सहसा हे विष न बनवता थेट पेशींत घुसून अस्तर खरवडतात. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हीकडे आव आणि रक्त हेच दिसते.

कॅम्पिलोबॅक्टर पेशीच्या डीएनएपर्यंत जातो

जीबीएसच्या साथीत चर्चेत आलेला कॅम्पिलोबॅक्टर हा कोंबड्यांच्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारा जिवाणू. कच्चे चिकन धुताना उडालेले थेंब, तीच सुरी आणि तोच पाट कोशिंबिरीला वापरणे, किंवा मैला मिसळलेले पाणी यांतून तो आपल्याकडे येतो. काहीशे जिवाणूही आजार करायला पुरेसे असतात.

त्याच्याकडे एक तीन भागांचे विष आहे. दोन भाग त्याला पेशीत पोहोचवतात. तिसरा थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन डीएनएचे धागे तोडतो. डीएनए तुटला की पेशी विभाजन थांबवून दुरुस्तीची वाट पाहते. ती फुगत जाते, दुप्पट-तिप्पट होते आणि शेवटी मरते. ज्या अस्तराचे आयुष्यच दर तीन-पाच दिवसांच्या नव्या पेशींवर अवलंबून आहे, तिथे विभाजन थांबवणे हा वर्मी घाव. हे विष नसलेल्या जातीही आजार करतात, त्यामुळे सगळा दोष एकट्या विषाचा नाही. जिवाणू स्वतःही भोवऱ्यासारखा फिरत अस्तरात घुसतो आणि दाह पेटवतो.

दाह ओसरल्यावरही काही जणांचे पोट पूर्वीसारखे होत नाही. महिनोन्‌महिने कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठता, जेवले की लगेच संडासला पळावे लागणे. आतड्याच्या संसर्गानंतर साधारण दहातील एकाला असा त्रास मागे राहतो. त्यामागील एक शक्यता अशी मांडली जाते : याच विषाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे आतड्याच्या हालचालींसाठी लागणाऱ्या एका प्रथिनावरही उलटतात. ‘मला आधीपासूनच गॅसचा त्रास आहे’ म्हणणाऱ्या कित्येकांची सुरुवात कुठल्या तरी मेसच्या जेवणापासून झालेली असू शकते.

मग पाय का लटके पडतात?

इथे मघाचे ‘जीएम-वन’ परत येते. कॉलराच्या विषाचे कुलूप असलेला हा रेणू आपल्या मज्जातंतूंवरही भरपूर असतो. कॅम्पिलोबॅक्टरच्या काही जातींच्या बाहेरच्या आवरणावरील शर्करेची रचना हुबेहूब या रेणूसारखी असते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, जिवाणू मरतो, जुलाब थांबतात. प्रतिपिंडे मात्र रक्तात फिरत राहतात आणि मज्जातंतूंवर तोच चेहरा दिसला की तिथे हल्ला करतात.

म्हणजे जीबीएस हे जिवाणूच्या विषाचे थेट काम नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या आपल्याच प्रतिकारशक्तीचे ते काम आहे. म्हणून त्याला वेळ लागतो : जुलाबानंतर एक ते तीन आठवडे. प्रमाण फार कमी आहे, कॅम्पिलोबॅक्टरच्या साधारण हजार संसर्गांमागे एक. पण एकाच दूषित स्रोताचे पाणी काही हजार लोक प्यायले, तर ‘हजारात एक’ किती होतो हे पुण्याने पाहिले आहे. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलणे हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर अधिक उपयोगी ठरतात. बहुतेक रुग्ण चालू लागतात, काहींना त्यासाठी काही महिने जातात.

मेडिकलमधून गोळी घेतली तर बिघडते कुठे?

जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडसारख्या गोळ्या आतड्याची हालचाल मंदावतात. साध्या पाण्यासारख्या जुलाबात प्रौढ माणसाला त्याने मोठा अपाय होत नाही. पण ताप किंवा रक्त असेल, तर विष आणि जिवाणू बाहेर पडण्याऐवजी आतच मुक्काम करतात. शिगा विष बनवणाऱ्या ई. कोलायच्या बाबतीत अँटिबायोटिकही धोक्याचे ठरू शकते. काही औषधांच्या ताणाखाली हा जिवाणू फुटताना जास्त विष सोडतो.

आपल्याकडे जुलाबावर सर्रास दिली जाणारी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी विषाणूंवर चालत नाही आणि विष आधीच अन्नात तयार झालेले असेल तर तिला करण्यासारखे काही नसते. कॅम्पिलोबॅक्टर तर या गटातील औषधांना बऱ्याच अंशी सरावला आहे. शिवाय अँटिबायोटिकने आतड्यातील चांगले जिवाणू मारले गेले, की ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’ नावाचा जिवाणू डोके वर काढू शकतो. त्याची दोन विषे पेशीचा आतला सांगाडाच कोलमडवतात. जुलाबावर घेतलेल्या औषधाने नवे जुलाब, अशी ही वेळ.

पाण्याचे काय?

कॉलरा, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर हे तिघेही क्लोरीनने मरतात. नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले तरी पुरेसे मानले जाते. अडचण पाणी शुद्ध झाल्यानंतरच्या प्रवासात आहे.

पिंपरी-चिंचवडला प्रामुख्याने पवना धरणाचे पाणी मिळते. ते रावेतला उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध केले जाते. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. नळ कोरडा असतो तेव्हा वाहिनीत दाब नसतो, आणि शेजारून गळक्या सांडपाण्याची वाहिनी जात असेल तर ते पाणी भेगांतून आत ओढले जाते. पुरवठा सुरू झाल्यावरचे पहिले काही मिनिटांचे पाणी गढूळ येते ते अनेकदा यामुळे. ते पाणी पिण्यासाठी भरू नये. मोशी-चऱ्होलीपासून पुनावळ्यापर्यंतच्या सोसायट्या टँकर मागवतात, आणि तो कोणत्या विहिरीवर भरला हे चालकालाच ठाऊक. चाकणच्या आसपास नाणेकरवाडी, खराबवाडी, कुरुळी या गावांत एका चाळीत दहा-बारा खोल्या आणि एकच बोअर, असे चित्र नवे नाही.

थंड पाण्याच्या जारबद्दल एक गैरसमज आहे. आरओ यंत्र पाण्यातील क्षारांबरोबर क्लोरीनही काढून टाकते. त्यानंतर जार नीट धुतलेला नसेल किंवा नळीला कुणाचा हात लागला, तर त्या पाण्याला कसलेच संरक्षण उरत नाही. उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू दिलेले पाणी त्यापेक्षा भरवशाचे, चवीला कसेही लागो.

आजारी कामगार घरी का राहत नाही?

सल्ला सोपा आहे : विश्रांती घ्या. पण तो पाळणे कुणाला परवडते?

दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, आजारपणाच्या रजेत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. मात्र आजारपणाचे पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे धरले जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. अपवाद एवढाच की आधीचे आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजार झाला तर. शिवाय आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. जुलाब सहसा दोन-तीन दिवसांचेच असतात. म्हणजे नेमक्या याच आजाराला योजनेतून जवळपास काही मिळत नाही, आणि कंत्राटी कामगाराचा तेवढा रोज बुडतो. गोळी घेऊन पाळीवर जाणे हा त्याच्यापुरता हिशेबी निर्णय असतो. आपण त्याला निष्काळजी म्हणतो, एवढेच.

हाच हिशेब कँटीनमध्ये भात वाढणारा मुलगाही करतो, आणि तिथे धोका शेकडो ताटांपर्यंत जातो. अन्न सुरक्षा नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वर गटाचे लसीकरण व्हायला हवे, आणि आजारी व्यक्तीने अन्नाला हात लावू नये. हा कर्मचारी बहुधा कंत्राटदाराच्याही उपकंत्राटदाराकडचा असतो. जुलाब झाले म्हणून तो खाडा करील, अशी अपेक्षा कागदावर ठीक आहे.

कारखाने कायदा, १९४८ नुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कँटीन बंधनकारक होते. नव्या कामगार संहितेत ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून शंभरावर आणली आहे. लहान कारखान्यांतही कँटीन येतील, हे चांगलेच. पण शंभर माणसांसाठी स्वतंत्र स्वयंपाकघर चालवण्यापेक्षा बाहेरून डबे मागवणे स्वस्त पडते, आणि मग तोच कोमट ‘मधला वेळ’ वाढतो. दूषित अन्नामुळे इजा झाल्यास अन्न सुरक्षा कायद्यात भरपाईची तरतूद आहे : मृत्यू झाल्यास किमान पाच लाख, गंभीर इजेस तीन लाखांपर्यंत, इतर इजेस एक लाखापर्यंत. त्यासाठी अन्न दूषित होते हे सिद्ध करावे लागते. त्या दिवशीच्या जेवणाचा नमुना फ्रिजमध्ये राखून ठेवला असेल आणि एखाद्या तरी रुग्णाचे शौच औषध सुरू होण्याआधी तपासले असेल, तरच ते शक्य होते.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

शौचात रक्त, १०१ अंशांपेक्षा जास्त ताप, सहा-आठ तास लघवी न होणे, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, पाणीही पोटात न टिकणे, यांपैकी काहीही असेल तर मेडिकलऐवजी दवाखाना गाठावा. लहान मूल, गरोदर स्त्री आणि वृद्ध यांच्या बाबतीत एवढीही वाट पाहू नये. मुलांना ओआरएससोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यायचे असते, ते जुलाब थांबल्यावर मध्येच बंद करू नये.

जुलाब थांबल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत पायांना मुंग्या येणे, जिना चढताना गुडघे वळणे, चप्पल पायातून निसटणे, नंतर हातांत जोर न राहणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे असे काही जाणवले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. वायसीएमसारख्या ठिकाणी अतिदक्षता विभाग असतो आणि या आजारात त्याची गरज अचानक पडू शकते. तिथे डॉक्टरांना पंधरा दिवसांपूर्वी झालेल्या जुलाबांबद्दल आवर्जून सांगावे. रुग्ण पायांबद्दल बोलत असतो, पोटाचे तो केव्हाच विसरलेला असतो.